मंच रिकामा राहत नाही

१

संघप्रियाच्या आवाजात तशी काही खोट नव्हती. भाजीवालीशी घासाघीस करताना तो अडत नसे, मांजरावर ओरडताना अडत नसे. सेवा केंद्रात म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, तेव्हा ‘बाबाजी, बोट पुसा, पुन्हा ठेवा’ हे दहा वेळा सांगतानाही नाही. अडायचा तो नेमका चार माणसं समोर बसून ‘हं, बोला’ म्हणाली की. मग कानशिलं तापायची, घशाशी काहीतरी येऊन ठाण मांडायचं, आणि बाईसाहेब आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत उभ्या! अशा दोन मुलाखती तिने घालवल्या होत्या, एक चंद्रपूरला आणि एक गडचिरोलीला. दुसऱ्या वेळी तिने स्वतःचं नाव तेवढं सांगितलं होतं.

आता तिसरी आली होती. सिकलसेलच्या रुग्णांच्या घरोघरी जाऊन त्यांना आजार समजावून सांगायचा, लग्नाआधी रक्त तपासायला तयार करायचं, अशी समुपदेशकाची जागा एका संस्थेने काढली होती, तीही तिच्याच पोंभुर्ण्यासाठी आणि आसपासच्या गावांसाठी. समाजकार्याची पदवी घेऊन तीन वर्षं लोकांचे फॉर्म भरत बसलेल्या मुलीला आईला एकटं न टाकता करता येईल अशी दुसरी नोकरी मिळणार नव्हती. मुलाखत नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला होती, सोमवारी, सकाळी साडेअकराला, ऑनलाइन.

तिची मैत्रीण नूतन चंद्रपुरात नर्स होती. तिने फोनवर उपाय सांगितला. ‘एक क्लब हाय, बोलका मंच नावाचा. दर रविवारी अकराला ऑनलाइन असते. भाषण कराची सवय करून देतात. पाहुणे म्हणून कोनीबी बसू शकते.’

‘तू जातं का?’

‘मले कुठी वेळ हाय? आमच्या वॉर्डातली एक सिस्टर जाते. लिंक पाठवतो, बसून पाय. बोलाचं नसन त नको बोलू.’

बोलायचं नसेल तर बोलू नको, हे शेवटचं वाक्य ऐकून संघप्रियाच्या जिवात जीव आला.

२

घरात नेटवर्क मिळायचं ते फक्त मागच्या खोलीच्या खिडकीत. खिडकीच्या फळीवर तांदळाचा डबा, डब्याला टेकून फोन, समोर स्टूल, आणि पाठीमागे दीड पावलावर चूल असलेलं स्वयंपाकघर, अशी तिची बैठक ठरलेली होती. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा घरघराट दिवसभर चालू असायचा, तो आता कानाला लागतही नसे. नऊ तारखेच्या रविवारी तिने वेणी घातली, धुतलेला कुर्ता घातला आणि अकराला दोन मिनिटं असताना लिंकवर बोट ठेवलं.

पडद्यावर सात चौकटी होत्या. मधल्या चौकटीत दिव्या मॅडम होत्या. त्याच सूत्रसंचालक, हसतमुख, साडी इस्त्रीची. घुग्घुसचे गुणवंतराव कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे वेळ मोजायचं काम. मिनिटं संपत आली की ते रंगीत कार्ड दाखवायचे. प्रफुल्ल नावाचा एक चष्मेवाला तरुण होता. बोलणारा किती वेळा ‘अं’ म्हणतो, किती वेळा ‘म्हणजे’ म्हणतो, याच्या तो रेघोट्या मारायचा. संघप्रियाला हे ऐकून हसूच आलं. माणसाच्या अडखळण्याची मोजदाद ठेवायला खास माणूस नेमतात, हे तिला नवीन होतं.

‘आपल्याकडे एक रीत आहे,’ दिव्या मॅडम पाहुण्यांसाठी म्हणाल्या. ‘मंच कधी रिकामा राहत नाही. सोपवणारा म्हणतो, मी मंच सोपवतो. घेणारा म्हणतो, मी मंच घेतला. आणि बोलून झालं की तो परत करायचा. त्याशिवाय कोणी जागेवरून हलत नाही.’

दोन भाषणं झाली. गुणवंतराव शेवटी वेळेचा हिशेब सांगायला आले तेव्हा त्यांचा आवाज ऐकून संघप्रिया थक्क झाली. भरदार, सावकाश, एकेक शब्द ठेवून बोलणारा आवाज होता. असा आवाज असता तर मी आज कुठे असते, असं तिच्या मनात आलं.

आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. ‘आपल्या पाहुण्या संघप्रिया,’ दिव्या मॅडम म्हणाल्या, ‘दोन शब्द बोलाच. मी मंच तुमच्याकडे सोपवते.’

कानशिलं तापली. तिचा माइक बंद होता, लाल रेघ मारलेला. तो चालू करायला बोट पुढे गेलं आणि तसंच थांबलं. सात चेहरे वाट बघत होते. काहीतरी करायला हवं म्हणून तिने अंगठ्याचं चिन्ह दाबलं. पडद्यावर पिवळा अंगठा वर तरंगत गेला आणि विरून गेला.

थोडा वेळ सगळे तिच्याकडे बघत राहिले, मग टाळ्या वाजल्या, आणि सभा पुढे गेली.

शेवटी प्रफुल्लने आपल्या रेघोट्या वाचून दाखवल्या. दिव्या मॅडम दोन, अमुक पाच, तमुक चार. ‘आणि आपल्या पाहुण्या संघप्रिया. तीन वेळा अं, एकदा म्हणजे. पहिल्या वेळेच्या मानाने फारच छान.’

संघप्रियाने माइककडे पाहिलं. लाल रेघ जागच्या जागी होती.

३

दिवसभर लोकांचे कागद तपासणाऱ्या मुलीला माइक चालू की बंद हे कळणार नाही? तिने आठवडाभर त्यावर विचार केला. प्रफुल्लने दुसऱ्याच कोणाच्या रेघोट्या तिच्या नावावर मारल्या असतील, हे एक. नवख्या पाहुण्याला बरं वाटावं म्हणून सगळ्यांनाच असं काहीतरी सांगत असतील, हे दुसरं. दुसरं कारण तिला जास्त पटलं. तरी मनात पाल चुकचुकली होती, कारण ‘म्हणजे’ म्हणायची खोड तिला खरोखरच होती.

सोळा तारखेला ती पुन्हा बसली. मुलाखत आठ दिवसांवर आली होती. आज निदान नाव, गाव आणि शिक्षण एवढं बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं, कागदावर लिहूनही घेतलं होतं. आईने चहा आणून फळीवर ठेवला.

अकरा वीसला पडदा गोठला.

यात नवल काहीच नव्हतं, पोंभुर्ण्यात पडदा गोठतोच. दिव्या मॅडमचं तोंड अर्धं उघडं राहिलं, गुणवंतरावांचे डोळे मिटलेले राहिले, प्रफुल्लची पेन्सिल हवेत राहिली. संघप्रिया वाट बघत बसली. मग तिच्या लक्षात आलं की गिरणीचा आवाजही येत नाहीये. घरात एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. पंखा फिरत होता, पण त्याची करकर ऐकू येत नव्हती. तिला वाटलं, असेल अर्धा मिनिट.

मग सगळं एकदम सुरू झालं. गिरणी, पंखा, आणि टाळ्या. सातही चौकटींमधून टाळ्या वाजत होत्या. गुणवंतराव चष्मा काढून डोळे पुसत होते.

‘सहा मिनिटं,’ ते म्हणाले. ‘लाल कार्ड उचलायला हात झाला नाही बाई माझा.’

बाजूच्या संदेशांच्या पट्टीत ओळी येऊन पडल्या होत्या. ‘शेवट ऐकून अंगावर काटा आला.’ ‘वडिलांचा प्रसंग फार प्रामाणिक.’ ‘एकही अं नाही!’

संघप्रियाने माइक उघडला. ‘मी... मी बोलली नाई काई. माझं नेट बंद पडलं होतं.’

सगळे हसले. चेष्टेने नव्हे, प्रेमाने हसले, आणि तेच वाईट होतं. ‘ही नम्रताही मुलाखतीत उपयोगी पडेल,’ दिव्या मॅडम म्हणाल्या.

तिने चहाचा पेला उचलला. तो गार पडला होता, वर साय धरली होती. फोनवर अकरा सत्तावीस झाले होते.

पाठीमागे काहीतरी हललं म्हणून ती वळली. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई, मनकर्णा, उभी होती. दोन्ही हात कणकेने भरलेले, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

‘त तुह्या बाप तसाच गेला?’ ती म्हणाली. ‘कोनी एक शबुद न बोलता?’

४

ही गोष्ट संघप्रियाने कोणालाही सांगितली नव्हती. नूतनला नाही, वहीत नाही, स्वतःशीसुद्धा नाही.

पाच वर्षांपूर्वी दवाखान्यात सोमाजीच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, खाटेशी शेवटचे दोन तास ती एकटीच होती. आई गावाहून निघाली होती, बस वाटेत होती. वडिलांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि काहीतरी बोल म्हणून खूण केली. आणि तिचा घसा मिटला. खोलीत दुसरे रुग्ण होते, त्यांची माणसं होती, सगळी बघत होती. दोन तास ती बसली आणि एक शब्द बोलली नाही. आई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ‘शेवटपर्यंत आम्ही बोलत होतो,’ असं तिने आईला सांगितलं. त्या एका वाक्याच्या आधारावर मनकर्णाने पाच वर्षं काढली होती. ‘बापलेक बोलत होते,’ असं ती विहारातल्या बायांनाही सांगायची.

‘आई, मी काय काय बोलली? सांग न मले.’

‘तूच बोल्ली न बाई. मले काऊन पुन्हा म्हनाले लावतं?’

‘तू मले बोलताना पाहिलं?’

‘पाहिलं म्हंजे? इथीच त उभी होतो मी. पाठमोरी होती तू. आवाज मातर असा, जसा...’ मनकर्णा थांबली. ‘तुह्याच होता. पन मी कधी ऐकला नाई तसा.’

त्या दिवशी दोघी जेवल्या, भांडी घासली, दिवा लावला. आई रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मधूनमधून संघप्रियाच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि तोंड दुसरीकडे करायची. मुलगी रात्रभर जागी राहून हिशेब मांडत होती. झोपेत बोलतात तशी माणसं जागेपणी बोलून विसरतात का? फीट येते तेव्हा असं होतं का? सिकलसेलवर वाचताना तिने मेंदूबद्दलही थोडं वाचलं होतं, त्यात असं काही नव्हतं.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ती गोष्ट आईला कधीतरी सांगायची, हे तिचं काम होतं. तेवढं एक बोलणं तिने मनात राखून ठेवलं होतं. ते आता दुसऱ्याच कोणीतरी तिच्या तोंडाने बोलून मोकळं झालं होतं, आणि कोणत्या शब्दांत, हे सगळ्यांना माहीत होतं, एक तिला सोडून.

५

बुधवारी दुपारी सेवा केंद्रातली गर्दी ओसरल्यावर पहिल्या सभेनंतर तिला ज्यात घेतलं होतं त्या क्लबच्या व्हॉट्सअॅप गटातून तिने गुणवंतरावांचा नंबर काढला. ते तिला त्या सगळ्यांत भरवशाचे वाटले होते. बाहेर पायरीवर बसून तिने फोन लावला.

फोन उचलला गेला. पलीकडे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

‘हॅलो, गुणवंतराव भाऊ? मी संघप्रिया. पोंभुर्ण्याची. रविवारी पाहुणी म्हून आलती न, थे.’

कोणीतरी फोनच्या अगदी जवळ होतं. श्वास ऐकू येत होता, ओठ उघडल्या-मिटल्याचा बारीक आवाज येत होता. फोन चांगला चालू होता, मागून एक ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो तेही स्वच्छ ऐकू येत होतं.

‘भाऊ?’

मग लांबून एका बाईचा आवाज जवळ आला. ‘कोनाचा फोन हाय? द्या बरं इकडं. द्या म्हनतो न. हॅलो, कोन बोलते?’

संघप्रियाने पुन्हा नाव सांगितलं, क्लबचं सांगितलं.

‘अवो बाई, ह्याईले कायले फोन करता?’ ती बाई थकलेल्या आवाजात म्हणाली. ‘ह्याईची वाचा गेली. चार वरसं झाले.’

‘पण काकू, रविवारी तर ते...’

‘रविवारी बसतात न त्या लॅपटॉपापुढं. तोंड हालवत राहतात. मी म्हनतो, बसू द्या, जीव रमते त्याईचा.’

‘आवाज येत नाई?’

‘चार वरसांत एक शबुद नाई बाई. डॉक्टर म्हनतात, नस दबली. अन् त्याईले का वाटते सांगू? त्याईले वाटते का ते बोलूनच राह्यले. आता बी पाहा, बोलूनच राह्यले तुमच्याशी. मले आयकू येत नाई म्हून चिडतात माह्यावर.’

संघप्रियाने कधी फोन ठेवला ते तिला कळलं नाही. एक म्हातारा आत घरकुलाचा कागद घेऊन तिची वाट बघत होता. तिने त्याचं काम केलं, त्याला तीनदा समजावून सांगितलं, आणि आपला आवाज आपल्याच कानांनी ऐकत राहिली. तो चांगला ऐकू येत होता. म्हाताऱ्याने मात्र तीनही वेळा ‘आँ?’ केलं. म्हातारी माणसं करतातच.

संध्याकाळपर्यंत तिने डोकं ताळ्यावर आणलं. आजकाल संगणकातून पाहिजे तसा आवाज काढता येतो. मुक्या माणसाने क्लबात बोलावं म्हणून कोणी तशी सोय करून दिली असेल, बायकोला त्यातलं काय कळणार? हे सगळं शक्य होतं. तरी तिने त्या गटातून आपलं नाव काढलं आणि लिंक पुसून टाकली. जाण्याआधी दिव्या मॅडमना तिने एकच संदेश केला, ‘मंच परत करते, धन्यवाद.’

थोड्या वेळाने उत्तर आलं. ‘तुमच्याकडे तो आता कुठे आहे? :)’

६

तेवीस तारखेच्या रविवारी ती आईबरोबर विहारात गेली. फोन घरी, कपाटात, बंद करून ठेवला. अकरा वाजता ती बायांच्या ओळीत मांडी घालून बसली होती, पांढरी साडी नेसून, हात जोडून. वंदना सुरू झाली आणि तिला भरून आलं. लहानपणापासून पाठ असलेले ते शब्द, सगळ्यांबरोबर म्हणायचे, एकटीने नाही. तिचा घसा इथे कधी अडला नव्हता. तिने डोळे मिटून मोठ्याने म्हटलं.

परतीच्या वाटेवर धानाच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, ऊन कोवळं होतं. आईशी बोलायचं तिने ठरवलं होतं. ‘आई, बाबाचं मी तुले आधीच सांगाले पाहिजे होतं,’ ती म्हणाली.

मनकर्णा पुढे चालत राहिली.

‘आई.’

तिने आईच्या पदराला हात लावला तेव्हा ती वळली. ‘का वो? अन् आज वंदना काऊन नाई म्हटली? नुसते ओठ हालवून राह्यली होती. घसा बसला का तुह्या? उद्या त बोलाचं हाय.’

‘नाई बसला,’ संघप्रिया म्हणाली.

‘आँ?’

‘नाई बसला!’

‘हळू बोलू नोको अशी,’ मनकर्णा म्हणाली. ‘हळद टाकून दूध देतो.’

घरी येऊन तिने कपाटातून फोन काढून चालू केला, कारण मुलाखतीची लिंक त्यावरच येणार होती. दिव्या मॅडमचा संदेश आधीच येऊन पडला होता. ‘आजच्या उत्कृष्ट वक्त्याचं अभिनंदन!’ खाली एक चित्र होतं, आजच्या सभेचं, आठ चौकटींचं. आठव्या चौकटीत हीच खोली होती. तीच भिंत, त्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, तेच स्वयंपाकघराचं दार. स्टुलावर कोणीतरी कॅमेऱ्याच्या फार जवळ बसलं होतं, त्यामुळे चेहऱ्याचा खालचा भागच तेवढा चौकटीत आला होता. हनुवटीवरचा तीळ तिचा होता. तोंड उघडं होतं, शब्दाच्या मधोमध, आणि बोलायला लागतं त्याहून बरंच जास्त उघडं.

तिने ते चित्र पुसलं आणि मुलाखतीचा कागद काढून पाठ करत बसली.

७

सोमवारी साडेअकराला पडद्यावर तीन माणसं आली. दोन पुरुष, मध्ये एक वयस्कर बाई. त्या बाई चांगल्या होत्या, आवाजात माया होती. ‘घाबरू नका,’ त्या म्हणाल्या. ‘स्वतःबद्दल सांगा. ही जागा तुम्हाला का हवी?’

संघप्रियाने माइक पाहिला. उघडा होता. नेटवर्कच्या चारही रेघा भरलेल्या होत्या. पडदा गोठला नव्हता, समोरच्या बाई पापण्या मिटत-उघडत होत्या. शेजारी गिरणी चालू होती. तिने श्वास घेतला आणि घसा मिटायची वाट पाहिली.

तो मिटला नाही.

ती बोलू लागली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग पाठ केलेला कागद बाजूलाच राहिला. आपल्याला माणसांपुढे बोलता येत नाही, हे तिने सांगितलं. वडिलांच्या खाटेशी बसलेले दोन तास सांगितले. आजारी माणसाजवळ बसून कोणीतरी बोलावं लागतं, आणि ते न बोलणाऱ्याला आयुष्यभर काय लागतं ते मला माहीत आहे, म्हणून ही नोकरी मला हवी आहे, असं ती म्हणाली. एकदाही अडली नाही. आपला आवाज ऐकून तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. शेवटी ती म्हणाली, ‘आणि माझ्या आईशी मी खोटं बोलले होते, तिची मी माफी मागते. ती इथेच आहे.’

मग ती थांबली. छाती हलकी झाली होती.

समोरच्या बाईंनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. ‘मॅडम,’ त्या अवघडून म्हणाल्या, ‘तुम्ही कधीही सुरू करा. आम्ही थांबलोय.’

‘माझा आवाज येत नाही का?’

‘त्यांचा माइक तर चालू दिसतोय,’ एक पुरुष दुसऱ्याला म्हणाला. ‘मागच्या गिरणीचा आवाज येतोय की. ओठ हलतायत फक्त.’

‘हॅलो! येतोय का आता? हॅलो!’ ती इतक्या मोठ्याने ओरडली की तिच्याच कानात दडे बसले. खिडकीच्या गजावर एक चिमणी बसली होती. ती उडाली नाही.

‘आई!’

मनकर्णा दीड पावलावर पाठमोरी बसून भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. विळीचा आवाज तसाच चालू राहिला. संघप्रिया स्टुलावरून उठली आणि आईचा खांदा धरून तिला गदागदा हलवलं.

‘झालं का?’ मनकर्णा वर बघून म्हणाली, आणि मुलीचा चेहरा पाहून उठलीच. ‘का झालं? काऊन रडतं? नाई बोलता आलं का?’

‘बोलली मी आई, सगळं बोलली. तुह्यासमोरच त बोलली.’

मनकर्णा तिच्या ओठांकडे बघत होती. मग तिने पदराने मुलीचं तोंड पुसलं, तिचा हात धरला आणि तिला परत स्टुलावर नेऊन बसवलं. स्वतः तिच्यामागे उभी राहिली. फोनमधल्या तीन अनोळखी माणसांपुढे तिने भाजीचे हात जोडले.

‘साहेब, बाई,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज खणखणीत पलीकडे पोचला, ‘माही पोरगी बोलते. लय चांगली बोलते. मी इथी उभी राहून माह्या कानानं आयकलं हाय. थोडा टाइम द्या तिले.’

‘हो, हो,’ मधल्या बाई म्हणाल्या. ‘आम्हाला घाई नाही.’

मनकर्णाने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. ‘बोल बाई,’ ती म्हणाली. ‘मी हाय न.’

संघप्रिया बोलतच होती.